ईनबाईंची बाजू

पलंग खोलला जात होता तेव्हा शोभाताई हॉलमध्ये सोफ्यावर बसून मटाराच्या शेंगा सोलत होत्या. आतल्या लहान खोलीतून स्क्रू फिरण्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं त्यांचा मुलगा स्वानंद आणि सुतार असे दोघं मिळून डोक्याकडची फळी आडवी करून बाहेर घेऊन आले. सागवानाची जाड फळी होती. शोभाताईंनी पाय वर घेतले, फळी समोरून गेली, आणि त्यांनी पुन्हा शेंगा हातात घेतल्या.

"टाकून नाही देऊन राहिलो आई," स्वानंद म्हणाला. "मित्राच्या गोडाऊनमध्ये ठेवतो."

"ठेव ना. मी कुठे काय म्हटलं?"

हा पलंग नागपुरातल्याच नंदनवनच्या जुन्या घरातून आला होता. मधुकरराव गेल्यावर शोभाताई त्या घरात एकट्याच राहत होत्या. मग एकदा न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि काठी हातात घेऊन त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेसा भागात, मुलाच्या फ्लॅटवर आल्या. येताना सामान फारसं आणता आलं नाही. देवघर आणलं, मधुकररावांचा फोटो आणला, आणि हा पलंग. लहान खोलीत पलंग ठेवल्यावर चालायला जेमतेम जागा उरायची, पण त्यांना तेवढी पुरत होती. रात्री त्या पलंगाच्या एका कडेलाच झोपायच्या. सवयच होती.

आता त्या खोलीत दोन सिंगल बेड येणार होते. दुसरा बेड पायलच्या आईचा.

पायल म्हणजे शोभाताईंची सून. तिचे वडील देवाजी पावसाळ्यात अचानक वारले, आणि भिवापूरला तिची आई, तुळसाबाई, एकटी राहिली. पायल एकुलती एक. रोज संध्याकाळी ती फोन करायची आणि आई रोज सांगायची, जेवली वं, झालं जेवण. एका रविवारी पायल न कळवता गेली तर चूल थंड होती आणि डब्यात मुरमुरे होते. ती परत आली तेव्हाच तिनं ठरवलं होतं.

"तुले सोबत होईल आई," स्वानंदनं आईला सांगितलं होतं. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"मले काहून सोबत पाहिजे?" एवढंच शोभाताई म्हणाल्या. आणि मग, "येऊ दे. तिचंही घरच आहे."

पायल बौद्ध घरातली. सात वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हा शोभाताई महिनाभर मुलाशी बोलल्या नव्हत्या. मधुकररावांनी समजूत घातली, लग्न झालं, सून घरात आली, आणि नवल म्हणजे सासू-सुनेचं कधी वाजलं नाही. पायल कामाची होती, बोलायला सरळ होती. पण जातीचा विषय घरात कधी निघाला नाही, आणि दोन घरांचं येणं-जाणंही कधी सुरू झालं नाही. इतक्या वर्षांत शोभाताई भिवापूरला एकदाही गेल्या नव्हत्या.

पायलनं मात्र खोली अशी मांडायला घेतली की जणू काही लग्नच होतं घरात. ऑफिसातून आली की मोबाईलवर फोटो बघत बसायची. लहान खोलीत दोन पलंग कसे ठेवायचे, मधे टेबल कसं, दिवा कुठे. भिंतींना फिकट पिवळा रंग दिला. हिरवट पडदे शिवून आणले. दोन्ही पलंगांवर सारख्याच चादरी, पिवळ्या फुलांच्या. मधे एक छोटं टेबल, त्यावर कागदी शेडचा दिवा. खिडकीच्या चौकटीवर तिनं बारीक लाइटची माळ सोडली, ती पाहून शोभाताई म्हणाल्या, "गणपती बसवून राहिली का वं?" पायल हसली, पण माळ तशीच ठेवली. जमिनीवर गालिचा टाकला होता, त्यात शोभाताईंची काठी अडकली, म्हणून तो मात्र गुंडाळून बाल्कनीत गेला.

"आई, तुम्ही कोणत्या बाजूला झोपाल?"

"मी दाराकडे. मले बाथरूमले उठावं लागते. अन् डोकं उत्तरेले नको."

"मग माय खिडकीकडे," पायल म्हणाली, आणि मोकळ्या भिंतीकडे बघत उभी राहिली.

मोकळी अशी ती एकच भिंत होती. एका बाजूला कपाट, एका बाजूला खिडकी, पलंगांच्या डोक्याशी बाथरूमचं दार. पायांसमोरची भिंत तेवढी उरत होती. तिच्यावर मधोमध शोभाताईंचं देवघर होतं आणि शेजारी मधुकररावांचा फोटो, चंदनाचा हार घातलेला.

"आई, हे जरा इकडे सरकवलं तर?" पायलनं हळूच विचारलं. "मायचे दोन फोटो आहेत. बुद्धाचा अन् बाबासाहेबांचा."

"देवाले एवढी भिंत लागतेच," शोभाताई म्हणाल्या. "निरांजन लावते मी. शेजारी काही असलं तर काजळी धरते."

टेबलावरचा दिवा पायलनं एकदा लावून पाहिला आणि विझवला.

तुळसाबाई आल्या त्या हिवाळ्यात, एका शनिवारी दुपारी. एक पत्र्याची पेटी, एक कापडी पिशवी आणि भिवापुरी मिरच्यांची पुडी, एवढंच त्यांच्याबरोबर होतं. उंच, काटक बाई. दारात चप्पल काढून त्यांनी ती भिंतीशी अगदी कडेला ठेवली.

"या ईनबाई," शोभाताई म्हणाल्या. विहिणीला तिकडे ईनबाईच म्हणतात.

"हो जी," तुळसाबाई म्हणाल्या.

पायलनं आईला हाताला धरून खोलीत नेलं. माळ लावली, पडदा ओढून दाखवला, दिवा दाखवला. तुळसाबाई सगळ्याला चांगलं आहे, चांगलं आहे म्हणत गेल्या. मग त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं, देवघराला पाहिलं, मधुकररावांना पाहिलं, आणि वाकून आपली पेटी पलंगाखाली सरकवली. तिच्यातून त्या रात्री त्यांनी फक्त एक गोधडी बाहेर काढली आणि पिवळ्या फुलांवर पसरली. शोभाताईंनी आपली सोलापुरी चादर आधीच पसरलेली होती. सकाळी पायल चहा घेऊन आली तेव्हा तिच्या दोन्ही चादरी झाकलेल्या होत्या. ती कप ठेवून गेली.

मग दिवस सुरू झाले. नऊला स्वानंद आणि पायल मिहानमधल्या आपापल्या ऑफिसला निघायचे, ते अंधार पडल्यावर यायचे. दिवसभर घरात दोन बायका. शोभाताई हॉलमध्ये आल्या की तुळसाबाई खोलीत जायच्या. शोभाताई दुपारी पडायला खोलीत गेल्या की तुळसाबाई उठून गच्चीवर. जेवायला शोभाताई टेबलावर बसायच्या. तुळसाबाई स्वयंपाकघरात जमिनीवर ताट घ्यायच्या. "इथे बसा ना," शोभाताई पहिले काही दिवस म्हणाल्या. "खाली बसल्याबिगर जेवल्यासारखं नाही वाटत," तुळसाबाई म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं, हे दोघींना कळत होतं.

संध्याकाळी मुलं घरी आली की दोघी हॉलमध्ये येऊन बसायच्या. "काय केलं आज दोघींनी?" पायल उत्साहानं विचारायची. "गप्पा केल्या," शोभाताई म्हणायच्या. तुळसाबाई मान हलवायच्या. हे एकच काम त्या दोघी मिळून करत होत्या.

शोभाताईंना वाटलं होतं, खोलीत दुसरं माणूस आलं की निदान एकटेपणा तरी जाईल. तसं झालं नाही. आधी एकट्या होत्या तेव्हा त्या मधुकररावांच्या फोटोशी बोलायच्या. आज भाजीत मीठ जास्त झालं, स्वानंद बारीक झाल्यासारखा वाटतो, असं काहीबाही. आता शेजारच्या पलंगावर कोणी ऐकायला असताना फोटोशी बोलता येईना. आणि शेजारच्या पलंगाशीही बोलता येईना.

जानेवारीत थंडी कडक पडली. एका पहाटे शोभाताईंच्या पायात पेटका आला. ऑपरेशन झालेला तोच पाय. ओरडायचं नाही म्हणून त्यांनी उशी दातात धरली होती. तेवढ्यात शेजारचा पलंग वाजला. तुळसाबाई उठून आल्या, पांघरूण बाजूला केलं, आणि काही न विचारता पोटरी हातात घेऊन अंगठ्यानं दाबू लागल्या. हात खरखरीत होते. देवाजींबरोबर आयुष्यभर त्या शेतात राबल्या होत्या आणि मिरचीच्या हंगामात सातऱ्यावर जायच्या. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं मैदान, तिथे बायका दिवसभर बसून देठ खुडतात. त्या हातांनी हळूहळू गाठ सुटली.

"बस, बस. राहू द्या आता," शोभाताई म्हणाल्या.

"गरम पाणी आणू का?"

"नको."

तुळसाबाई आपल्या पलंगावर गेल्या. शोभाताई छताकडे बघत पडून राहिल्या. दवाखान्यातल्या नर्स सोडल्या तर मधुकररावांनंतर कोणी त्यांना असा हात लावला नव्हता. डोळे भरून आले तेव्हा त्यांनी दाराकडे कूस बदलली.

त्यानंतर चार-दोन दिवसांतलीच गोष्ट. शोभाताई आंघोळीला गेल्या आणि टॉवेल विसरला म्हणून परत फिरल्या. बाथरूमचं दार खोलीतच उघडत होतं. दार किलकिलं केलं आणि त्या थांबल्या. तुळसाबाई जमिनीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. पलंगाखालची पेटी बाहेर ओढलेली, झाकण उघडं. हात जोडून, डोळे मिटून त्या हळू आवाजात वंदना म्हणत होत्या, पेटीत वाकून. आत कपड्यांच्या घडीवर दोन फ्रेमा उताण्या ठेवलेल्या होत्या. वंदना झाली तशी त्यांनी दोन्ही काचांवरून पदर फिरवला, फ्रेमा एका जुन्या लुगड्यात गुंडाळल्या आणि झाकण लावलं.

शोभाताईंनी दार ओढून घेतलं आणि अंगावर थंड पाणी ओतून घेतलं. गरम पाणी बादलीत तसंच होतं.

म्हणजे ही बाई आल्यापासून रोज असंच करत असणार. आपण आंघोळीला जायची वाट पाहत असणार. त्या दिवशी पूजा करताना शोभाताईंचं लक्ष लागलं नाही. निरांजनाची ज्योत अगदी सरळ जळत होती आणि तिला लागत होती ती जागा वीतभर होती. बाकीची सगळी भिंत रिकामीच होती.

दुपारी तुळसाबाई वाळवण बघायला गच्चीवर गेल्या तेव्हा शोभाताईंनी काठी पलंगाला टेकवली आणि कामाला लागल्या. मधुकररावांचा फोटो काढून मधल्या टेबलावर, दिव्याशेजारी ठेवला. देवघर स्टँडवर होतं, ते दोन्ही हातांनी रेटत रेटत कोपऱ्यात नेलं. खुबा ठणकायला लागला. मग त्या पलंगावर टेकल्या, वाकल्या आणि तुळसाबाईंची पेटी बाहेर ओढली. कुलूप नव्हतं. लुगड्याची गुंडाळी सोडून दोन्ही तसबिरी बाहेर काढल्या. जुन्या होत्या, फ्रेमचं लाकूड काळं पडलेलं. एक मधुकररावांच्या खिळ्यावर लावली. दुसरीसाठी खिळा नव्हता, म्हणून ती देवघराच्या जुन्या जागी, भिंतीला टेकवून तिपाईवर उभी केली. समोर बाल्कनीतल्या कुंडीतली दोन शेवंतीची फुलंही ठेवली.

मग त्या वाट बघत बसल्या. मन हलकं झालं होतं. फार दिवसांनी आपण काहीतरी चांगलं केलं असं त्यांना वाटत होतं.

तुळसाबाई आल्या आणि दारातच थांबल्या. भिंत पाहिली. मग जमिनीवरची उघडी पेटी पाहिली.

"पेटी कोणी खोलली?"

"मीच. म्हटलं, फोटो किती दिवस आत राहतील? इथे छान दिसतात ना?"

"मले विचारलं काहून नाही?"

"अवं, चांगल्यासाठीच केलं मी ईनबाई."

"चांगलं का वाईट, ते नाही म्हणून राहिली मी." तुळसाबाईंचा आवाज चढला नव्हता. "पेटी माही होती."

शोभाताई गडबडल्या. "मी सकाळी पाहिलं तुम्हाले. पेटीत वाकून... मले बरं नाही वाटलं."

"तुम्हाले बरं वाटावं म्हणून लावले का मग?"

खाली रस्त्यावरून भाजीवाल्याचा स्पीकर ओरडत गेला. आवाज विरल्यावर तुळसाबाई म्हणाल्या, "मी फोटो आत ठेवले ते तुमच्या भेवानं नाही. जागा मागाची नव्हती मले. मागितली का कोणीतरी देते, अन् मग देणाऱ्याचं तोंड पाहा लागते रोज. माह्या सासऱ्यानं हे फोटो नागपूरहून आणले तवा आमची भिंत कुडाची होती. पण आमची होती."

"आता हे घरही तुमचंच..."

"लग्नात तुम्ही आमच्या हातचं पाणीबी पेल्या नाही," तुळसाबाई म्हणाल्या. "मी ग्लास घेऊन उभी होती तुमच्यापुढे. तुम्ही म्हटलं, उपास आहे. मले खरंच वाटलं. घरी जाऊन कॅलेंडर पाहिलं मी. कायचाच उपास नव्हता त्या दिवशी."

शोभाताईंना तो ग्लास आठवला. स्टीलचा, वर पाण्याचे थेंब साचलेला. तो दिवस सगळे विसरले असतील असं त्या धरून चालल्या होत्या.

तुळसाबाईंनी खिळ्यावरची तसबीर उतरवली, तिपाईवरची उचलली, दोन्ही पदरानं पुसल्या आणि लुगड्यात बांधून पेटीत ठेवल्या. पेटी पलंगाखाली गेली. मग त्यांनी टेबलावरचा मधुकररावांचा फोटो घेतला, त्यांच्या खिळ्यावर लावला आणि दोन पावलं मागे येऊन तो सरळ झाला की नाही ते पाहिलं.

देवघर कोपऱ्यातच राहिलं. ते परत रेटायची शोभाताईंच्या अंगात ताकद नव्हती.

त्यानंतर दोघींमध्ये भांडण झालं नाही. चहा झाला का, दूध तापवलं का, एवढं बोलणं चालूच होतं. फेब्रुवारीत एका रात्री जेवताना तुळसाबाई म्हणाल्या, "सातरा सुरू झाला भिवापूरले. जाते मी."

पायलचा हात ताटातच थांबला. "कायले माय? इथे काय कमी आहे तुले?"

"काही कमी नाही वं."

"मग?"

"माहं घर आहे तिथे. बंद ठेवलं का उधई लागते."

पायलनं सासूकडे पाहिलं. शोभाताईंनी भाकरीचा तुकडा मोडला. आता ही सांगेल, पेटीचं, पाण्याचं, सगळं सांगेल, असं त्यांना वाटलं. तुळसाबाईंनी जवसाची चटणी पुढे सरकवली आणि जावयाला विचारलं की रविवारी सकाळची गाडी किती वाजताची असते.

त्या गेल्या. खिडकीकडच्या पलंगावरची गोधडी गेली आणि पिवळ्या फुलांची चादर वर आली. कोरी करकरीत होती. शोभाताईंना आता खोली परत मिळाली होती. त्यांनी मधुकररावांच्या फोटोशी बोलायचा प्रयत्न केला. "गेली ती," त्या म्हणाल्या. त्यापुढे काही बोलवेना. मधुकररावांनाही सगळं ठाऊक होतं, लग्नाच्या दिवशी ते शेजारीच बसले होते. त्यांनी त्या ग्लासातलं पाणी प्यायलं होतं.

पंधरवडाभर शोभाताईंनी विचार केला आणि मग एका सकाळी स्वानंदला म्हणाल्या, "मले दिघोरीच्या नाक्यावर सोडून दे. भिवापूरची बस तिथे थांबते."

"कंबर पाहिली का तुझी? पायलसोबत जाजो रविवारी."

"पायलसोबत नाही. मले एकटीले जायचं आहे."

बसनं उमरेड मागे टाकलं आणि हवेत मिरची जाणवायला लागली. भिवापूरला उतरल्या तेव्हा शोभाताईंना ठसका लागला होता. रिकाम्या जागांवर लाल मिरची अंथरलेली होती. विचारत विचारत त्या घरापाशी पोहोचल्या तर कडी लावलेली. शेजारची बाई म्हणाली, सातऱ्यावर गेली, दुपारी येते. शोभाताई ओट्यावर बसल्या. येणारेजाणारे बघून जात होते. कोणाची कोण, हे त्यांना कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर काय सांगायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं.

तुळसाबाई आल्या त्या डोक्याला फडकं बांधून, हात अंगापासून दूर धरून. मिरचीनं बोटं लाल झाली होती. शोभाताईंना पाहून त्यांनी आधी विचारलं, "पायल बरी आहे ना?"

"बरी आहे. मीच आली. तुमच्याकडे."

घर दोन खोल्यांचं होतं. निळ्या भिंतीवर त्याच दोन तसबिरी होत्या, समोर ताजी फुलं. एक खाट, एक पंखा. तुळसाबाईंनी राखेनं हात घासले, परत परत धुतले, आणि मडक्यातून पाणी काढून पेला पुढे केला. शोभाताईंनी घेतला आणि पूर्ण प्यायला. रिकामा पेला घेऊन तुळसाबाई आत गेल्या.

"लग्नाच्या दिवशी मले उपास नव्हता," शोभाताई आतल्या बाजूला बघत म्हणाल्या.

"ठाऊक आहे ना," आतून आवाज आला. मग चुलीसाठी काटक्या मोडल्याचा.

वांग्याची भाजी आणि भाकर. दोघी जमिनीवर बसल्या. शोभाताईंना खुब्यामुळे मांडी घालता येईना, तेव्हा तुळसाबाईंनी त्यांना भिंतीला टेकायला पोतं दिलं. भाजी इतकी तिखट होती की शोभाताईंच्या नाका-डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"चला ना परत," जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या. "भिंत मोकळी करते. तुम्ही सांगाल तशी."

"नाही जी."

"एकटं नाही वाटत इथे?"

"वाटते ना. काहून नाही वाटत?" तुळसाबाईंनी दाराबाहेर पाहिलं. "ते गेल्यापासून दिवस सरत नाही. पण इथे वाटते ते माह्या घरात वाटते. तिथे तुम्ही एकट्या, मी एकटी, अन् पोरीपुढे हसून दाखवा लागे. त्यानं जीव थकून जाये."

शोभाताईंना हे इतकं खरं वाटलं की त्यांनी आग्रह केला नाही.

बसपर्यंत तुळसाबाई सोबत आल्या. काठी धरून शोभाताईंना पायरीवर चढवलं. "पायलले सांगा, दोन्ही वेळ जेवते माय," त्या म्हणाल्या. परत या असं त्या म्हणाल्या नाहीत. शोभाताई खिडकीतून हात हलवत होत्या तोवर तुळसाबाई पाठमोऱ्या झाल्या होत्या. सातऱ्यावर परत जायची वेळ झाली असावी.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर शोभाताई आपल्या पलंगावर पडल्या होत्या. पायल आली आणि काही न बोलता खिडकीकडच्या पलंगावर आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून. अशी ती कधी आली नव्हती.

"आई, मायनं फोनवर सांगितलं," थोड्या वेळानं ती म्हणाली. "तुम्ही गेल्या होत्या ते."

"आणखी काय सांगितलं?"

"भाजी तिखट झाली होती म्हणे."

शोभाताई उठून बसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. पेटी, फोटो, उपास. मधे थांबल्या नाहीत, स्वतःची बाजूही मांडली नाही. पायल भिंतीकडे बघत ऐकत राहिली.

"उपासाचं ठाऊक होतं मला," ती शेवटी म्हणाली. "लग्नाच्याच दिवशी कळलं होतं."

"अन् तू इतके वर्ष काही बोलली नाही?"

"काय बोलणार? मला घर पाहिजे होतं आई. सगळ्यांचं मिळून एक घर." तिनं चादरीवरच्या एका फुलावरून बोट फिरवलं. "म्हणून तर रंग, पडदे, सगळं मनापासून केलं मी. तिला आवडेल का, तुम्हाला आवडेल का, हे कोणालाच विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या दोघी."

शोभाताईंना तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. दोन पलंगांमध्ये ते टेबल होतं, आणि उठायचं तर काठी घ्यावी लागणार होती.

"स्वानंद म्हणतो, हा पलंग काढून टाकू. तुम्हाला चालायला मोकळं होईल," पायल म्हणाली.

"तुले काय वाटते?"

"माहीत नाही," ती म्हणाली आणि उशी डोळ्यांवर ओढून घेतली.

हळूहळू तिचा श्वास लांब झाला. उन्हाळा लागत आला होता, पंखा जोरात फिरत होता. पिवळ्या फुलांच्या चादरीवर पोरगी अंग आखडून झोपली होती. तिला वारं लागत असेल असं वाटून शोभाताई काठी टेकत उठल्या आणि बटणापाशी जाऊन पंखा हळू केला.

"राहू द्या ना आई," पायल उशीखालून म्हणाली. "गरम होऊन राहिलं."

शोभाताईंनी पंखा पुन्हा जोरात केला आणि आपल्या पलंगावर येऊन बसल्या.